आयोडीनचा रंग

देवास,
माघ शुद्ध एकादशी, शके १८३२

चिरंजीव भास्करराव यांस सासूचा मनापासून आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. थंडी ओसरली, हरभरा घरात आला. जाऊबाईंचा गुडघा धरतो, जीभ मात्र मोकळी आहे. धारेस तुमची शाळा कशी चालली आहे? मुलं लक्ष देतात का?

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचे आणि तुमचं रसायनाचं पुस्तक उघडायचे. क्लोरीनच्या भावंडांचं प्रकरण आता तोंडपाठ झालं आहे. फ्लोरीन सर्वांत तापट, त्याखाली क्लोरीन, मग ब्रोमीन, आयोडीन मवाळ. वरचा खालच्याला जागेवरून उठवतो, खालच्याने वरचा हलत नाही.

अधिक श्रावणात वाणाला आलात तेव्हा तुम्ही धुण्याच्या दगडापाशी हे करून दाखवलं होतं. इंदू किती हसली होती!

परवा मीच करून पाहिलं. इंदू प्लेगने गेली तेव्हा घर धुवायला दिलेली क्लोरीनची भुकटी उरली होती. ती पाण्यात कालवून लिंबू पिळलं. जाऊबाई नाक धरून ओरडल्या, "दुर्गे, पोथी वाचायची सोडून हे काय हुंगतेस?"

म्हटलं, "ही पण पोथीच."

तुम्ही ठेवून गेलेला आयोडीनचा क्षार पाण्यात विरघळवला. पाणी नितळच राहिलं. आत आयोडीन आहे हे सांगून खरं वाटू नये. क्लोरीनचं पाणी थेंब थेंब सोडलं, आणि सगळं काढ्यासारखं तांबूस झालं. मग उलट केलं. मिठाच्या पाण्यात औषधाचं आयोडीन घातलं, तर मिठातला क्लोरीन जागचा हलला नाही.

खरं सांगते, हे सगळं रागाने करत होते. नालछ्याच्या गोपाळरावांची कमल तुमच्या घरी येणार आणि माझी इंदू तिथून उठणार, एवढंच मनात होतं. "तुम्ही हो म्हटल्याशिवाय मुहूर्त धरणार नाही," असं तुम्ही लिहिलंत. मी गप्प राहिले तर मुहूर्त टळेल, हे मला कळत होतं.

जाऊबाई त्या भांड्याकडे बघत म्हणाल्या, "इंदी असती तर बोट बुडवून बसली असती मेली." आणि रडल्या.

वर्षभर या घरात तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं. तुमच्या लग्नाचं निघाल्यापासून रोज निघतं. ती भाकरी थापताना गुणगुणायची, हे तर मीही विसरले होते. उठवलेलं आयोडीन नाहीसं होत नाही, भास्करराव. तेव्हाच ते दिसतं.

म्हणून हो म्हणते. वैशाखातला मुहूर्त धरा.

एक मात्र ऐका. तुमच्या आईंनी सवतीच्या टाकासाठी इंदूचं सोनं मागवलं आहे. पहिलीची प्रतिमा दुसरीने गळ्यात बाळगली नाही तर ती छळते, म्हणतात. माझ्या इंदूने जिवंतपणी कोणाला छळलं नाही, ती आता त्या पोरीला काय छळणार? तिच्या कुड्या आमच्या मानाजी गड्याबरोबर पाठवते आहे. आटवू नका. कमलला कानांत घालू द्या, आणि पहिल्या सणाला तिला माहेरी म्हणून इकडे आणा. ओटी जाऊबाई भरतील. वाढायला मी आहे.

दोघींची आई,
दुर्गा