सिनेमातल्या आईचं वाक्य

गुरुवार, ५ जून
चि. मंदारने शनिवारच्या सिनेमाची तीन तिकिटं काढली. अंगाला चिकटलेले कपडे घालून उडणाऱ्या माणसाचा सिनेमा! ह्या वयात मला ही शिक्षा. नाहीच म्हणणार होते, पण दुपारी गॅलरीतून सूनबाईचा फोन कानावर आला. ऋचा पुण्याला तिच्या आईशी बोलत होती : "दोघांनाही पुण्याला बदली मिळतेय. इथे आईंना अजून सांगितलं नाही, मंदारचं धाडसच होत नाही."

अच्छा, म्हणून सिनेमा. लग्नाला वर्ष झालं, पण "आई, चहा?" "ठेव" ह्यापुढे आमची गाडी जात नाही. गेले दोघं तर ह्या घरात मी आणि फ्रिजची घरघर. फार वाईट वाटलं आज.

शनिवार, ७ जून
ऐनवेळी मंदारला ऑफिसचं काम. आम्ही दोघीच. चिक्कडपल्लीचं थिएटर येईपर्यंत रिक्षात ती मोबाइल बघत होती, मी रस्ता.

पडद्यावर पहिलंच वाक्य तेलुगू! ऋचाचा चेहरा उतरला. तिला हिंदीतला हवा होता. इथे काचीगुड्यात वाढलेल्या आमच्या पोराला तिकीट काढताना भाषा बघायचं सुचतच नाही, आम्हाला दोन्ही सारख्याच. "परत जाऊ या का, आई?" म्हटलं, बस, मी सांगते.

मग सिनेमाभर तिच्या कानात मराठी. मागून एक बाई, "अम्मा, हल्लू बोलो ना!" मग आणखी हळू, म्हणून आणखी जवळ. आणि सिनेमा चक्क चांगला निघाला! मुलगा वीज खात्यात नोकरीला. आईला चोरून खिडकीतून उडतो, मूसी नदीवरचा पूल सावरतो, पहाटे गुपचूप अंथरुणात. आईला सगळं ठाऊक. एका रात्री तो निघतो, तेव्हा ती कूस न बदलता एवढंच म्हणते, "खिडकी लावून जात जा, डास येतात."

मी ऋचाला सांगितलं : "आई म्हणतेय, उडायचं तर खुशाल उड. फक्त मला सांगून जा."

का सांगितलं असं, देव जाणे. तोंडातून निघून गेलं. सगळं थिएटर हसलं, ऋचा एकटी डोळे पुसत होती. "सगळे हसले का, आई?" म्हटलं, इथली माणसं अशीच.

रविवार, ८ जून
सकाळी कांदेपोहे खाताना ऋचाने स्वतःहून सगळं सांगितलं. मंदार शेजारी गुन्हेगारासारखा. मग तीच म्हणाली, "आई, तुम्हीपण चला ना. नाहीतर आम्ही बदलीच नको म्हणू. पण तुम्हाला न विचारता काही नाही." काचीगुडा सोडून मी? हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. खूप हलकं वाटतंय.

शनिवार, १४ जून
अजून काही ठरलं नाही. ऋचा रोज चार तेलुगू शब्द विचारते, भाजीवालीवर चालवून बघते. जेवताना गप्पा संपत नाहीत. मंदार बिचारा नुसता ऐकतो.

आज म्हणाली, "उद्या पुन्हा तोच सिनेमा, तिघं. ह्या वेळी हिंदीत, मी नीट बघून काढलीत तिकिटं. त्या आईचं वाक्य मला परत ऐकायचंय."

मेले! आता तिला खिडकी आणि डास ऐकू येणार. हसेल की रागावेल? आजच सांगून टाकावं का? जीभ रेटत नाही.

सीट मात्र तिच्या शेजारचीच धरणार.