मास्तरची गरज नाही म्हणे

सांगली, १२ मार्च १९७४, संध्याकाळ

वर्गात चाळीस पोरं एका चालीत कविता म्हणायची, तो आवाज आज दिवसभर कानात आहे. कारण शेजारचे हळदवाले बाबूराव. सिनेमात विचार करणारं यंत्र बघून आले आणि पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, आता कविता बी यंत्रच करनार. तुमची गरज न्हाई." सगळे हसले. मीच तेवढा नाही.

पडद्यावर लाल दिवे लुकलुकले, एवढ्यानं त्याला मन आलं? कविता म्हणताना पोरांचा गळा दाटायचा, तो का दाटतो हे यंत्राला कोण शिकवणार? हसोत बापडे. मी मानणार नाही.

एवढं लिहिलं तोच दार वाजलं. बाबूरावच, टोपी हातात.

"आवं मास्तर, परवा पोरीचं लगीन. मंगळाष्टका तुमीच लिवा. आईबिगर वाढली, तेवढं त्यात येऊ द्या."