दोरा तेवढाच आहे

दादा,

जाताना तू म्हणालास, "लांब कुठे? विमानाने नऊ तास. हाक मारा, आलोच." बाबा दोनदा आजारी पडले, तेव्हा आला तो फक्त तुझा फोन. आता तुझ्याच शहरात मला नोकरी लागली, तर म्हणतोस, "बाबांना सोडून इतक्या लांब?"

विमानतळावरचा खोळंबा धरून चौदा तास होतात, हे मी पडताळलंय.

बाबांनी आपल्याला ज्या पृथ्वीगोलावर भूगोल शिकवला, त्यावर काल त्यांनी पुन्हा इथून तुझ्या शहरापर्यंत दोरा ताणला. म्हणाले, "त्याला जवळ आणि तुला लांब, असं कसं? दोरा तेवढाच आहे. जा तू."

हे पत्र टाकणार नाही. फोनवरच सांगेन. यापुढे बाबांना बरं नसलं, की दोघंही निघू. नऊ तासच तर आहेत.

तुझी धाकटी