पेनल्टीचा ठिपका

प्रिय निक्शा,

मी तुला पत्र लिहिलंय हे तुझ्या आईला कळू देऊ नकोस. ती गावभर सांगत फिरते, की रियेकाच्या गोदीत माझ्या मुलाला मान वर करायला फुरसत नाही, म्हणून तो नाताळला आला नाही आणि ईस्टरलाही आला नाही. लोक हो हो म्हणतात. तू गेल्या ऑगस्टपासून घरी का येत नाहीस हे साऱ्या बेटाला ठाऊक आहे, तिलाही आहे. मी तुझी सख्खी मावशी, तुला दुपट्यात गुंडाळून फिरवलेली. तेव्हा गोदीच्या गोष्टी मला सांगायच्या नाहीत.

इकडचं विचारशील तर माझा कॅफे चालू आहे, आणि त्यात गेल्या ऑगस्टची ती फुटबॉलची फायनलसुद्धा अजून चालूच आहे. वरच्या गावाने चषक नेला, आपण रिवाजाप्रमाणे त्यांना माशांचा रस्सा रांधून वाढला, मेले दोन-दोनदा मागून जेवले, पण आपल्या लोकांचा सामना काही संपत नाही. रोज दहाच्या ठोक्याला बार्बा रोको काठी टेकत येतो. मागोमाग पोस्टमन बेपो येतो, पत्रांची पिशवी खुर्चीला अडकवतो आणि गावाची पत्रं बारापर्यंत तिथेच लोंबकळतात. टेबलावर सामना मांडला जातो, साखरेचे खडे म्हणजे आपली पोरं, ऑलिव्हच्या बिया म्हणजे वरच्या गावची. मग शेवटचं मिनिट, आपण एका गोलने मागे, बेपोचा पोरगा गोलसमोरच्या चौकटीत आडवा पडतो, रेफ्रीची शिट्टी, पेनल्टी, आणि तू. चेंडू आडव्या दांडीला लागून समुद्रात. बेपो रोज एक खडा दांडीवरून उडवतो, तो बरेचदा माझ्या बरणीत पडतो.

खापर तुझ्यावर कुणी फोडत नाही हो. त्यासाठी त्यांच्याकडे बाकी पुष्कळ लोक आहेत. बार्बा रोको म्हणतो, पाद्रीबाबांनी आशीर्वादाचं पाणी दोन्ही गोलांवर शिंपडलं, "अहो, आपल्यावर शिंपडायचं आणि घरी जायचं, त्यांच्या गोलकडे कशाला तडमडायला गेले?" बेपो म्हणतो, तसं काही नाही, पोरांनी दुपारी पालक-बटाटे खाल्ले, पालकावर कुणी फायनल जिंकलंय का. त्यावर रोको म्हणतो, "तुझं पोरगं तर पालक न खाताच पडलं, वारा लागून." की झालं. दोघे दोन दिवस बोलत नाहीत, पण बसतात एकाच टेबलाशी, आणि मला सांगतात, "तोन्का, त्याला म्हणावं साखर इकडे सरकव." दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत आहे. सेमीफायनलनंतर मी जर्सी धुतल्या आणि घामाबरोबर नशीबही धुऊन टाकलं. वर्षभर हे ऐकतेय. मीही ऐकवते, की त्या जर्सींना इतका वास येत होता की नशीब आधीच पळून गेलं होतं.

माझा नवरा, तुझा काका, आज असता तर या वादात मध्यभागी बसला असता. तो गेला, पण मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचं काम आपल्याच घराकडे राहिलं याचा मला अभिमान आहे, तुला माहीत आहे. त्याचा तो तागाचा दोर आठवतो ना, प्रत्येक मापाला गाठ आणि गाठीला चिंधी? लाल चिंधी म्हणजे अकरा मीटर, पेनल्टीचा ठिपका. गेल्या वर्षी ऐन फायनलच्या आठवड्यात तो तुटला. मी म्हटलं, फायनल आहे, जुनं शिवत कशाला बसा. बंदरावरून नवा कोरा नायलॉनचा दोर आणला, जुन्याचे तुकडे शेजारी मांडून बरोब्बर तशाच गाठी मारल्या. शनिवारी सकाळी आपण दोघांनी रेघा मारल्या. नेहमीसारखं दुसरं टोक तुझ्या हातात होतं. मी इकडून ओरडत होते, "ओढ, निक्शा, अजून ओढ, जेवला नाहीस का?" आणि तू होडी बांधत असल्यासारखा टाचा रोवून ओढत होतास. कोळ्यांची जात आपली, दोर हातात आला की तो ताणायचाच.

परवा कॅफेच्या पुढच्या छपरासाठी मी पोलादी टेप आणली. या वर्षीच्या रेघांची वेळ आलीच आहे, म्हणून दोर बाहेर काढला आणि सहज टेप लावून पाहिली. सैल ठेवला तर लाल गाठ अकरावर. ताणला तर ती बाराकडे चालत सुटली. मी टेप गुंडाळली. तशीच मैदानावर गेले. चुन्याने गवत जळतं, तुझा तो ठिपका अजून टकलासारखा तिथे आहे. तीनदा मोजलं. बारा मीटरला दोन बोटं कमी.

तुझा चेंडू वर चढत होता, निक्शा. ठिपका जागेवर असता तर तो दांडीखालून आत गेला असता. दांडीला लावला तो मी, माझ्या दोराने आणि माझ्या ओरडण्याने. आता पुढचं ऐक. सगळ्याच रेघा त्याच दोराच्या, म्हणजे चौकटही तेवढीच फुगलेली. बेपोचा पोरगा पडला ती जागा मी मोजली. खऱ्या मापाने ती चौकटीबाहेर आहे, चांगली दीड पावलं. म्हणजे ती पेनल्टी आपल्याला मिळायलाच नको होती. मी त्या गवतात फतकल मारून बसले आणि एकटीच हसले, मग थोडी रडलेही. एक पोरगं माझ्यामुळे वर्षभर आईच्या हातचं जेवलं नाही, आणि कशासाठी, तर नसलेल्या पेनल्टीसाठी.

अजून कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुला सांगतेय, कारण तो हिशोब तुझा होता. शनिवारी दहा वाजता कॅफेत सगळ्यांदेखत सांगणार आहे. रोको आणि बेपो मला पुढची वीस वर्षं पुरवून पुरवून खातील, कदाचित चुन्याची बादलीही काढून घेतील. खाऊ देत. पण त्याआधी, शनिवारी सकाळी, या वर्षीच्या फायनलच्या रेघा मला नीट मारायच्या आहेत, आणि टेपचं दुसरं टोक धरायला माझ्याजवळ माणूस नाही. शुक्रवारची बोट साडेचारला सुटते. ये. या वेळी ओढायचं नाही, नुसतं धरायचं.

तुझीच,
दोर ताणणारी तोन्कामावशी