नव्या बाईवर लक्ष

५ मे
ती नवी हेतल आज परत कारखान्यात माझ्या पट्ट्याशी घुटमळत होती. मी आंबे निवडते — डागी बाजूला, पिकलेले पुढे, रसाला. यात बघण्यासारखं काय आहे? सुर्वेसाहेबांनी कालच मला बाजूला घेऊन सांगितलं, "सानिका, नव्या बाईवर लक्ष असू दे. हंगाम संपला की एकीलाच कायम करायचंय." उगाच नाही सांगत ते.

६ मे
मी कधी सुटते, कोणाबरोबर जाते — तिला कशाला हव्यात या चौकशा?

८ मे
सासूबाई हेदवीला, हे बोटीवर. ईशाच्या शाळेला सुट्टी, म्हणून तिला कारखान्यात नेलं. मागच्या पडवीत बसवलं, पण ती कुठली बसतेय. हेतलने तिला हापूस कापून दिला. गोड बोलून पोरीकडून माझं काय काय काढून घेतलं असेल, देव जाणे.
घरी आल्यावर खोदून खोदून विचारलं.
ईशा म्हणाली, "साल खातेस का, असं विचारलं."
"आणि?"
"मी खाते. ती पण खाते."
एवढंच? पटत नाही.

९ मे
दिवसभर एक डोळा हेतलवर. डागी आंबे चांगल्यात गेले, साहेबांची बोलणी खाल्ली.
आजही ईशाला बरोबर नेलं होतं. येताना रिक्षात तिने विचारलं, "आई, तुझं काम काय?"
"आंबे निवडायचं."
"मग हेतलमावशीला का निवडत बसतेस? तू तिला बघतेस, ती तुला बघते. आंबे कोणीच बघत नाही."
 

१० मे
जेवणाच्या सुट्टीत डबा उचलला, सरळ हेतलसमोर जाऊन बसले. विचारलं, "माझ्या मागे मागे का असतेस?"
तिने हातातला घास खाली ठेवला. मग हळूच, "ताई, साहेबांनीच सांगितलंय. सानिकावर लक्ष असू दे. हंगाम संपला की एकीलाच कायम करायचंय."
खोटं बोलत असेल तर? पण शब्द न् शब्द तोच. तो तिला कुठून कळणार?
माशाची कढी तिने माझ्याकडे सरकवली. घेतली.

१२ मे
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "काय, हेतलचं काय चाललंय?"
म्हटलं, "तिलाच विचारा. बाहेर उभी आहे. आम्ही बरोबरच आलोय."