कुठल्याच वाट्यात न बसणारी पट्टी

डोंबिवली, पौष महिना

आधी जन्मल्याचा रुबाब आजवर मिरवणाऱ्या मनुताईस, मागोमाग आलेल्या जुळ्या आवडाचा दंडवत. गुडघे कसे आहेत? माझे दुखतात, म्हणजे तुझेही दुखतच असणार. पत्र शेजारचे त्र्यंबकराव लिहीत आहेत (मध्येच माझी भाषा सुधारतात, तू मनावर घेऊ नकोस). तुझ्या सुनेनं मोठ्यानं वाचावं, शब्द गिळू नयेत.

तर आमची हेमा हल्ली माणसांचं रक्त जमवते. तिच्या कॉलेजात त्याचाच अभ्यास आहे. म्हणते, आजी, जन्मताना मिळालेली अंगातली वायरिंग मरेपर्यंत तीच. पण कुठला दिवा पेटता ठेवायचा, कुठला विझवायचा, हे खाणं, धूर, काळजी ठरवत जातात. (इथल्या कारखान्यांच्या वासानं माझे किती विझले देव जाणे. त्याच वासाचं निमित्त करून तू ठाण्याच्या चेंदणीहून इकडे पाऊल टाकत नाहीस.) त्याची तिनं कॉम्प्युटरवर चित्रं काढली. माणशी एक कागदी पट्टी. पेटलेलं हिरवं, विझलेलं लाल. परवा सगळ्या पट्ट्या जमिनीवर पसरून ती आंघोळीला गेली. मला वाटलं, पोरीला हातभार लावू. जन्मभर मासळीचे वाटे लावले, ह्यात काय अवघड? प्रत्येक वाट्यात थोडं लाल, थोडं हिरवं, कुठलं गिऱ्हाईक भांडायला येणार नाही असे देखणे वाटे लावले! हेमा आली ती डोकं धरून खालीच बसली. "आजी, सारख्याशेजारी सारखं लावायचं होतं गं!" म्हटलं, अगं, पापलेटं सगळी एकीकडे आणि बोंबील सगळे एकीकडे लावले, तर बोंबलाला विचारणार कोण?

बिचारीनं पुन्हा पहिल्यापासून लावलं. एकेका पट्टीला आपापला घोळका मिळाला. एकच उरली, कुठेच बसेना. ही कुणाची गं, म्हणून विचारलं तर हेमानं माझ्याकडेच बोट केलं. माझी होती.

तिचे सर म्हणतात, ही चुकीची दिसते, काढून टाक. हेमा म्हणते, टाकणार नाही. जुळ्या बहिणीची शेजारी ठेवून बघू.

तुझी,
आवडा

ता. क. येत्या रविवारी ये आणि चमचाभर रक्त दे. सोडे घालून वांगं करते.

ता. क. त्र्यंबकराव म्हणतात, खरं तेही लिहा. रक्त ठाण्यातही घेता येतं, हेमा तुझ्या घरी यायलाही तयार आहे. मीच तिला सांगितलं, मनुताईची शीर फक्त डोंबिवलीतच सापडते.