तुझा फोन एंगेज लागायचा तेव्हा

प्रिय अक्का,

उद्या तुझी टेलिफोनची लाइन बंद होणार. तुझं घर रिकामं करायचं आहे आणि गिरीशला अमेरिकेला परतायची घाई आहे, म्हणून अर्ज मीच दिला. त्याआधी तुला एक विचारायचंय.

तू गेल्यावर मी रडत बसले नाही, हे तुला सांगायला नको. कपाटं आवरली, भांडी वाटली. काल गिरीश तुझा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायला उचलत होता. मी म्हटलं, "जपून! याच्यावर मी तुझ्या आईला इंटरनेट शिकवलंय."

आठवतं ना? लाइन एकच. फोनला तीच, मॉडेमलाही तीच. तू मल्लेश्वरमला, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला जयनगरला. मी फोनवर सांगायचं, मग तू फोन ठेवून करून बघायचं.

"डायल टोन येतोय का?"

"न येऊन कसं चालेल? तू काय खिडकीतून बोलतेयस?"

"फाजीलपणा नको. भिंतीतली वायर मॉडेमच्या कुठल्या भोकात आहे?"

"स्वल्प थांब गं, चष्मा घेते."

थोड्या वेळाने मी तुझा नंबर फिरवायची. रिंग गेली तर समजायचं, पुन्हा फसलं. एंगेज लागला तर मॉडेमने लाइन धरली, अक्का लेकाला मेल लिहितेय! पुढे तर तू पहिल्याच फटक्यात एंगेज लागायला लागलीस. साठीतल्या माझ्या बहिणीला कसं जमलं, हे मी शेजारणींना किती वेळा ऐकवलं असेल!

काल ते ऐकून गिरीश हसत सुटला.

"मावशी, आईची एकही मेल मला आली नाही. ती नुसता रिसीव्हर काढून बाजूला ठेवायची. मला बजावलं होतं, 'तिला सांगू नकोस हां. नाहीतर स्क्रूड्रायव्हर घेऊन पहिल्या बसने येऊन थडकेल.'"

अक्का, शोभलं का तुला हे?

जमत नाही म्हणाली असतीस तर मी काय तुला खाल्लं असतं? ओरडले असते, हे खरं. पण आले असते ना! वायरी काढल्या-घातल्या असत्या, तू कॉफी केली असतीस, संध्याकाळपर्यंत बसले असते. एंगेज ऐकलं की मी निर्धास्त व्हायची आणि घरीच राहायची. तुझ्या एवढ्याशा लबाडीने माझ्या किती दुपारी बुडाल्या, याचा विचार केलास?

काल निघताना तुझ्या रिकाम्या हॉलमध्ये रिसीव्हर काढून जमिनीवर ठेवला. दाराला कुलूप लावलं. घरी येऊन तुझा नंबर फिरवला.

एंगेज.

बराच वेळ ऐकत उभी राहिले.

उद्या सकाळी जाऊन रिसीव्हर जागेवर ठेवीन. आणि शेजारणींना काही कळू देणार नाही. कुणी विचारलंच, तर पूर्वीसारखंच ठणकावून सांगेन, अक्काला इंटरनेट छान जमायचं.

तुझी धाकटी,
सरोज